आधी परवानगी, मग नोटीस

लकडगंजात जुने घर विकत घेणारा माणूस पुष्कळदा घराबरोबर किरायेदारही विकत घेत असतो. खाली दुकान, मागे लाकडाची टाल, वर दोन खोल्यांत एखादे बिऱ्हाड, अशी ही घरे. विक्रीपत्रात चतुःसीमा तपशिलाने लिहिलेल्या असतात. आत राहणाऱ्या माणसाचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकलेला असतो. रिकाम्या घरापेक्षा असे भरलेले घर स्वस्त पडते आणि घेणाऱ्याला वाटते, आपण सौदा चांगला केला. मग महिन्याची दहा तारीख उलटते आणि भाडे येत नाही. नवा मालक विचारायला जातो, तर उत्तर मिळते, "भाऊ, या महिन्यात धंदाच नाही झाला. पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, वीज तोडा. कोणी म्हणतो, कुलूप ठोका. आणि एखादा जुना जाणता म्हणतो, "तुमचे केस पांढरे होतील, पण जागा खाली होणार नाही."

हा जाणता माणूस उगाच घाबरवत नसतो. त्याने २००० सालापूर्वीचे नागपूर पाहिलेले असते. त्या नागपुरात घरमालकाला भाडेकरूवर दावा लावणे तर दूरच, 'जागा सोडा' अशी साधी नोटीस देण्यापूर्वीसुद्धा सरकारी अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागे. हा नियम १९४९ साली आला आणि २००० साली गेला. मुंबई-पुण्याच्या घरमालकाला असा नियम माहीत नव्हता. थकलेले भाडे वसूल करायचे आणि जागा मोकळी करून घ्यायची, या दोन साध्या गोष्टींना नागपुरात इतका लांबचा वळसा का पडला, हे आज आपण पाहू.

इतवारीच्या पूर्वेला, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या आजूबाजूला पसरलेला लकडगंज नावाप्रमाणेच लाकडाचा गंज. चांद्याच्या जंगलातले सागवान इथे यायचे, आरामशीनवर चिरले जायचे आणि दारे-खिडक्या, चौकटी, बैलगाड्या होऊन बाहेर पडायचे. अशा धंद्याला दुकानापेक्षा मोकळी जागा जास्त लागते. म्हणून या भागात भाड्याचे व्यवहार दोन तऱ्हेचे: एक घराचे किंवा दुकानाचे, दुसरे नुसत्या मोकळ्या जमिनीचे. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

घरभाड्यावर सरकारने लगाम घालण्याची कल्पना आपल्याकडची नव्हे. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत काम करायला हजारो माणसे आली. घरे तेवढीच राहिली आणि मालकांनी भाडी वाढवली. घरातले पुरुष लढाईवर किंवा कारखान्यात. तेव्हा बायकांनीच भाडे न देण्याचा संप पुकारला. मेरी बार्बर ही त्यांची पुढारी. घर खाली करायला सरकारी माणूस आला, की गल्लीतल्या बायका एकत्र जमून त्याला परत पाठवीत. १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. तोच विचार समुद्र ओलांडून मुंबईत आला आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने युद्धकाळापुरता भाडेनियंत्रणाचा कायदा केला. युद्धकाळापुरता, हे शब्द महत्त्वाचे आहेत. भाडेनियंत्रणाचा प्रत्येक कायदा तात्पुरता म्हणून जन्माला येतो आणि पुढे त्याचे वय वाढतच जाते, असा अनुभव जवळजवळ सगळीकडचा आहे.

नागपूरची अडचण दुसऱ्या महायुद्धाने वाढवली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. सचिवालय इथे, १९३६ पासून हायकोर्ट इथे, कापडगिरण्या इथे. युद्धाच्या काळात सिमेंट-लोखंड मिळेना, नवी घरे बांधून होईनात आणि नोकरीसाठी येणारी माणसे मात्र थांबेनात. युद्ध संपल्यावर युद्धकाळातले खास अधिकारही संपत आले, म्हणून प्रांतिक सरकारने १९४६ मध्ये जागा भाड्याने देण्याच्या नियमनाचा कायदा केला. तोपर्यंत देशाची फाळणी झालेली नव्हती. वर्षभरात फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे आले. सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबे नागपुरात उतरली. जरीपटका ही वस्ती त्यांचीच. या सगळ्या ओझ्याखाली, १९४६ च्या कायद्याने दिलेल्या अधिकारात, १९४९ चा आदेश निघाला. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. वकील मंडळी त्याला नुसते 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणत आणि सामान्य माणूस 'कंट्रोल' एवढेच म्हणे.

या आदेशातली एक तरतूद आज वाचली तर चमत्कारिक वाटेल. आपले घर रिकामे झाले, तर मालकाने सात दिवसांच्या आत तसे सरकारला कळवायचे. कळवल्यावर सरकार हुकूम करू शकत असे, की हे घर अमुक सरकारी नोकराला, किंवा निर्वासिताला, किंवा दुसरीकडून घराबाहेर निघावे लागलेल्या माणसाला द्या. म्हणजे घर तुमचे, पण त्यात कोण राहील हे सांगणार कलेक्टर कचेरी. नवा राज्यकारभार चालवायचा तर बदली होऊन आलेल्या कारकुनाला डोक्यावर छप्पर पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. त्या काळात तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. पण पुढे काळ बदलला आणि मालक-भाडेकरू सरकारला न कळवताच आपसात ठरवू लागले. मग भांडण झाले, की एक जण म्हणे, 'कळवले नव्हते, म्हणून हा भाडेकरारच बेकायदा.' शेवटी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की न कळवण्याबद्दल सरकारने काय करायचे ते करावे. मालक आणि भाडेकरू यांच्यातला करार मात्र त्या दोघांना बांधील आहे.

खरी मेख होती ती आदेशाच्या तेराव्या कलमात. कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून कोणत्याही मालकाने भाडेकरार संपवणारी नोटीस द्यायची नाही. परवानगी कोणत्या कारणांसाठी मिळेल, तीही कारणे लिहून दिलेली. भाडे थकले आहे. भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवला आहे. जागेची नासधूस केली आहे. शेजाऱ्यांना उपद्रव देतो आहे. मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे. मोठी दुरुस्ती करायची आहे आणि ती माणूस आत असताना होणार नाही. किंवा भाडेकरूने दुसरीकडे जागा केली आहे. यांपैकी एखादे कारण कंट्रोलरसमोर सिद्ध करायचे. साक्षी, उलटतपास, तारखा. परवानगी मिळाली, तर भाडेकरू जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करी. तिथे हरला, तर हायकोर्टात रिट. हे सगळे संपल्यावर मालकाच्या हातात काय पडे? नोटीस देण्याची परवानगी, फक्त एवढीच. मग ती नोटीस द्यायची, मुदत संपली की दिवाणी न्यायालयात दावा लावायचा आणि तिथून पुन्हा पहिले अपील, दुसरे अपील, दरखास्त.

नोटिशीचे गणितही सोपे नव्हते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस लागते. पण ती नोटीस नेमकी भाड्याचा महिना संपतो त्या दिवशी संपली पाहिजे, असा नियम कितीतरी वर्षे होता. महिना पहिल्या तारखेला सुरू होतो की सातव्या, हे कोणी लिहून ठेवलेले नसे. तारीख एका दिवसाने चुकली, की आधी दहा वर्षे खपून मिळवलेल्या परवानगीनंतर दिलेली नोटीस वाया जायची. हा काटेकोरपणा संसदेने काढला तो २००२ च्या अखेरीस.

आता गंमत पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य एक झाले, पण भाड्याचे कायदे तीन राहिले. मुंबई-पुण्याला १९४७ चा मुंबई भाडे कायदा. तिथे मालक स्वतःच नोटीस देऊन सरळ न्यायालयात जाऊ शके. मधे कंट्रोलर नव्हता. मराठवाड्यात हैदराबाद राज्यातून आलेला १९५४ चा कायदा. तिथे कंट्रोलर होता, पण जागा खाली करण्याचा हुकूम तोच देऊ शके. वेगळा दिवाणी दावा नको. विदर्भात मात्र दोन्ही दारे. आधी कंट्रोलर, मग न्यायालय. पुण्याहून बदलून नागपूरला आलेल्या आणि इथे घर घेतलेल्या माणसाला वकील हे समजावून सांगे, तेव्हा त्याला ते खरे वाटत नसे. एका राज्यात, एका हायकोर्टाच्या छायेखाली, ही त्रिस्थळी यात्रा चाळीस वर्षे चालली.

थकलेल्या भाड्याबद्दल या आदेशात दोन वेगळी कारणे होती, आणि माझ्या मते सगळ्या आदेशातला सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे. एक कारण असे: एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले आहे आणि कंट्रोलरने दिलेल्या मुदतीतही ते भरले नाही. म्हणजे थकले म्हणून लगेच परवानगी नाही. कंट्रोलर आधी मुदत देणार. तेवढ्यात पैसे भरले, तर ते कारण संपले. ज्याची गिरणी बंद पडली, ज्याच्या घरात आजारपण आले, त्याला सावरायला दिलेली ही सवड. दुसरे कारण: भाडेकरू सवयीनेच भाडे थकवतो. इथे आज किती बाकी आहे हा प्रश्न नाही. दर वेळी मालकाने दारात यायचे, दर वेळी याने टाळायचे, नोटीस आली की सगळे भरून मोकळे व्हायचे आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा तेच, असा ज्याचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे त्याला मुदतीची ढाल मिळत नसे. अडलेला माणूस आणि अडवणारा माणूस यांत कायद्याने असा भेद केला होता. प्रत्यक्षात हा भेद ओळखणे मात्र फार कठीण, कारण दोघेही कंट्रोलरसमोर एकच वाक्य बोलत: "साहेब, मी द्यायला तयार होतो, मालकच घेत नव्हते."

आणि पुष्कळदा ते खरे असे! भाडे थकणे हे मालकासाठी शस्त्र होते, म्हणून काही मालक भाडे थकावे म्हणून ते घेतच नसत. भाडेकरू पैसे घेऊन आला, की 'उद्या ये'. पावती मागितली, की 'विश्वास नाही का?'. शहाणा भाडेकरू मग मनीऑर्डर करी. मालक ती नाकारी. पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आणी आणि तो शेरा असलेला कागद भाडेकरू देवघरात ठेवावा तसा जपून ठेवी. पंधरा वर्षांनी खटल्यात तो बाहेर निघे. उलट मालकही वही ठेवी: अमुक महिन्याचे भाडे अमुक तारखेला, मागणी करून, तिसऱ्या खेपेला मिळाले. सवयीचा थकबाकीदार सिद्ध करायचा, तर हीच वही कामाची. वकिलाच्या कपाटात अशा वह्यांचे आणि अशा मनीऑर्डरींचे गठ्ठे शेजारी शेजारी पडलेले असत.

भाडेकरू नेहमी गरीब आणि मालक नेहमी सावकार, हे चित्र सिनेमातले. इतवारी-लकडगंजाच्या पट्ट्यात ते कितीदा तरी उलटे होते. वर विधवा मालकीणबाई, उत्पन्न काय तर खालच्या दोन दुकानांचे भाडे, आणि खाली दुकानदार, ज्याची एका दिवसाची उलाढाल बाईंच्या वर्षाच्या भाड्याहून जास्त. वाढीव भाडे मागायचे, तरी कंट्रोलरकडे 'योग्य भाडे' ठरवून घेण्याचा अर्ज आलाच. घराला पन्हळ नवी घालायची तर भाड्याचे वर्षाचे पैसे पुरत नाहीत. म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून भिंतीला ओल, म्हणून भाडेकरू म्हणतो, 'आधी दुरुस्ती करा, मग भाडे मागा.' जुन्या नागपुरातली कितीतरी घरे या चक्रात सापडून पडायला आली.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. याच नियमामुळे गिरणीतला कामगार, शाळेतला शिक्षक, टालीवरचा हिशेबनीस हे शहराच्या मध्यात राहू शकले. मुलांच्या शाळा बदलाव्या लागल्या नाहीत. मालकाचा मूड गेला म्हणून रातोरात बिऱ्हाड उचलावे लागले नाही. ज्याने त्या काळात दोन खोल्यांत चार मुले वाढवली, त्याला 'कंट्रोल' हा शब्द देवासारखा वाटत असला, तर नवल नाही.

ही पद्धत १९८९ मध्ये आणखी आवळली. आदेशात दुरुस्ती होऊन तेरा-अ हे नवे कलम आले: कंट्रोलरची परवानगी सादर केल्याशिवाय कोणत्याही प्रलंबित दाव्यात जागा खाली करण्याचा हुकूमनामा द्यायचा नाही. आणि आदेशाच्या नावातला 'घरे' हा शब्द जाऊन त्या जागी 'जागा' हा व्यापक शब्द आला. त्यामुळे मोकळी जमीनही त्याच्या पोटात आली. लकडगंजच्या दृष्टीने हा केवढा बदल होता! तोवर टालीसाठी नुसता मोकळा प्लॉट भाड्याने घेतलेल्या लाकूडवाल्याला घरासारखे संरक्षण नव्हते. मालक नोटीस देऊन सरळ दिवाणी न्यायालयात जाई. आता अशा चालू खटल्यातही 'परवानगी दाखवा' असा प्रश्न उभा राहिला. एका मोकळ्या प्लॉटच्या मालकाचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. दावा लावला तेव्हा परवानगी लागत नव्हती आणि खालच्या न्यायालयाने निकालही मालकाच्या बाजूने दिला होता. पण अपील चालू असताना दुरुस्ती आली. अपील म्हणजे चालू असलेला दावाच, म्हणून नवे कलम इथेही लागू, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल मार्च २००० चा. विशेष असे, की त्याच महिन्याच्या अखेरीस तो आदेशच इतिहासजमा झाला.

त्याचे निमित्त मुंबईत घडले. मुंबईच्या कायद्यात भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठलेली होती. पन्नास वर्षांत रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, भाडे तिथेच. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुरुवातीला योग्य असलेला कायदा काळ बदलल्यावर अन्यायाचा होऊ शकतो. न्यायालयाने कायदा लगेच रद्द केला नाही, पण सरकारला इशारा पुरेसा होता. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबईचा, हैदराबादचा आणि आपला, तिन्ही जुने कायदे एकदम गेले. विदर्भातले कंट्रोलरचे दार बंद झाले. मात्र जे खटले आधीच दाखल होते, ते जुन्याच नियमांनी चालू राहिले. त्यामुळे मेलेला आदेश वकिलांच्या टेबलावर पुढे कितीतरी वर्षे जिवंत होता.

मग आज लकडगंजात भरलेले घर घेणाऱ्या नव्या मालकाच्या वाट्याला काय येते? पहिली गोष्ट जुनीच, १८८२ च्या कायद्यातली, पण बहुतेकांना ठाऊक नसलेली. घर घेण्यापूर्वीची थकबाकी, विक्रीपत्रात ती स्पष्टपणे दिली नसेल तर, नव्या मालकाची नव्हे. ती जुन्या मालकाची. आणि घर विकले गेल्याचे भाडेकरूला माहीत नसताना त्याने जुन्या मालकाला भाडे दिले, तर ते त्याच्याकडून दुसऱ्यांदा मागता येत नाही. म्हणून खरेदी झाली, की पहिले काम म्हणजे भाडेकरूला पत्र: 'घर आता मी घेतले आहे, अमुक तारखेपासून भाडे मला द्यावे.' पुष्कळ जण हे पत्र देत नाहीत आणि पहिल्या तीन महिन्यांची थकबाकी म्हणून जी ओरड करतात, ती जुन्या मालकाच्या खिशात जाऊन बसलेली असते.

थकबाकीबद्दल नव्या कायद्याने सवड देण्याची १९४९ ची वृत्ती सोडलेली नाही. भाडेकरू भाडे देत आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर त्या कारणाने त्याला काढता येत नाही. भाडे थकले, तर मालकाने लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे. त्यानंतर दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यावर भाडेकरूने पुन्हा ९० दिवसांच्या आत सगळी बाकी, तिच्यावर सालाना १५ टक्के सरळव्याज आणि न्यायालय सांगेल तो खर्च भरला, आणि निकालापर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. मधला अधिकारी गेला आणि त्याची जागा दोन नव्वद दिवसांनी घेतली, एवढे मात्र झाले. जुन्या आदेशातला 'सवयीचा थकबाकीदार' हा प्रकार नव्या कायद्यात त्या नावाने राहिला नाही, याची मला रुखरुख वाटते. त्याच्या जागी भाडे दर वर्षी ४ टक्के वाढवण्याचा हक्क मालकाला मिळाला आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या, बँका यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण गेले.

कुलूप ठोकण्याचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यासाठी १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदा पुरेसा आहे. कायद्याचा मार्ग सोडून कोणाला जागेबाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून त्याला ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात जागा कोणाच्या मालकीची आहे हा प्रश्न न्यायालय विचारातच घेत नाही. पाणी-वीज तोडणे हा तर भाडे नियंत्रण कायद्याखाली शिक्षेचा विषय आहे. 

करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, महाराष्ट्राच्या गृहनिर्माण खात्याने घरमालकांना सांगितले, की भाड्याची वसुली निदान तीन महिने पुढे ढकला आणि भाडे दिले नाही म्हणून कोणाला बाहेर काढू नका. ग्लासगोला लढाई होती, नागपूरला फाळणी होती, इथे साथ होती. मात्र ढकललेले भाडे माफ झालेले नव्हते, आणि टाळेबंदी उठल्यावर दुकानाच्या पायरीवर तो हिशेब पुन्हा मांडला गेला.

नव्या मालकांनी आता बहुतेक ठिकाणी भाडेकरार सोडून 'लिव्ह अँड लायसन्स'चा रस्ता धरला आहे. अकरा महिन्यांचा कागद, मुदत संपली की राहण्याची जागा सोडायची, न सोडल्यास दुप्पट शुल्क, आणि न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज. कायद्याने एक अट मात्र मालकाच्याच गळ्यात घातली आहे. करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, आणि तो तसा करून घेण्याची जबाबदारी मालकाची. कागद नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरायचे. ज्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या जागा तोंडी दिल्या-घेतल्या गेल्या, तिथे हे एक वाक्य पुष्कळांना महागात पडले आहे.

राहता राहिली मोकळी जमीन. १९९९ च्या कायद्यातली 'जागा' म्हणजे इमारत किंवा तिचा भाग. नुसता प्लॉट त्यात येत नाही. म्हणजे लकडगंजातला टालवाला १९८९ पर्यंत संरक्षणाबाहेर, पुढची अकरा वर्षे आत, आणि २००० पासून पुन्हा बाहेर. त्याचा महिन्याचा भाडेकरार संपवायला १५ दिवसांची साधी नोटीस चालते. त्याच टालीच्या कोपऱ्यात, चार भिंती आणि पत्र्याचे छत असलेल्या खोलीत बसणारा दुकानदार ती खोली भाड्याने घेऊन बसला असेल, तर त्याला दोन नव्वद दिवसांची सवड. त्यामुळे अशा टालीचा खटला घेऊन माणूस आला, की वकील आधी भाड्याचे विचारत नाही. तो विचारतो, पत्र्याची ती खोली कोणी बांधली, कोणत्या साली, आणि भाड्याने दिले तेव्हा ती तिथे होती का.